टोमॅटोत मायकोरायझा: अळीला चाप, माव्याला नाही

मायकोरायझा ही झाडाच्या मुळांत शिरून राहणारी बुरशी. झाडाकडून साखर घेते, बदल्यात स्फुरद आणून देते. तिचा किडींवरचा परिणाम मात्र सरसकट नसतो. मुळं बुरशीने व्यापली की झाडाची जॅस्मोनिक आम्लावर (झाडातलं एक संप्रेरक) चालणारी संरक्षणयंत्रणा सावध राहते आणि अळीने पान कुरतडताच जोरात कामाला लागते. त्याचा त्रास पानं खाणाऱ्या अळ्यांना होतो. रस शोषणारा मावा सहसा बचावतो, तजेलदार झाडावर कधी कधी जास्तच वाढतो. त्याचा हिशेब मित्रकीटकांनीच चुकता करायचा.

बुरशी रोपवाटिकेतच द्या. गादीवाफ्यावर चौरस मीटरला 100 ग्रॅम मातीयुक्त मायकोरायझा 2-3 सेंमी खोल पसरा आणि त्याच्या लगेच वर बी पेरा. पिशवीतल्या रोपाला 5 ते 10 ग्रॅम पुरे. वरून शिंपडून उपयोग नाही, कोवळं मूळ त्यातून गेलं पाहिजे.

मुळांना बुरशीची लागण न होण्याची कारणं बहुधा दोनच. पहिलं, डीएपी या स्फुरदयुक्त खताचा जोरदार डोस: मातीत स्फुरद भरपूर असेल तर झाड बुरशीला थाराच देत नाही, म्हणून आधी माती तपासा. दुसरं, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक यांवर तर पैसे घालवूच नका, ही पिकं या बुरशीला मुळात घेत नाहीत.

लागण झाली का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. बारीक मुळं 10 टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात (हातमोजे आणि चष्मा घालूनच) काही मिनिटं उकळा, धुवा, मग 5 टक्के काळी शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये 3 मिनिटं उकळून पुन्हा धुवा. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे रंगलेले दिसतात.

प्रयोगांत असं दिसलं आहे की माव्यावरची परोपजीवी गांधीलमाशी (माव्याच्या अंगात अंडी घालणारी बारीक माशी) मायकोरायझावाल्या टोमॅटोच्या वासाकडे जास्त ओढली जाते, झाडावर मावा नसला तरी. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाकल्यावरच्या प्रयोगात तर मावा लागलेल्या झाडाचा इशारा जमिनीतल्या बुरशीच्या धाग्यांतून शेजारच्या झाडापर्यंत पोचला. रोटाव्हेटर वारंवार फिरवला की हेच धागे तुटतात. शिवाय बुरशीच्या सगळ्या जाती सारख्या वागत नाहीत. काहींमुळे परोपजीवींचं काम घटलेलंही आढळलं आहे. म्हणून दोन ओळी बिनबुरशीच्या ठेवून तुलना कराच.

लागवडीनंतर आठवड्यातून एकदा पानं उलटून बघा. न हलणारा, फुगलेला, सोनेरी-तपकिरी मावा दिसला तर आत गांधीलमाशी वाढते आहे. ढालकिडा, क्रायसोपाची अळी हे मावा खाणारे मित्रकीटकही असतील तर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक फवारू नका. त्याने मित्रकीटक आधी मरतात आणि मावा दुप्पट जोराने परततो. नत्रही आवरतं घ्या. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा म्हणून टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे एक ओळ झेंडूची: झेंडूचं रोप 40 दिवसांचं, टोमॅटोचं 25 दिवसांचं, दोन्ही एकाच दिवशी लावा, म्हणजे फुलं एकाच सुमारास येतात.