साधना कटवाली पोर्तुगीज बाई स्टेजवर कशी उभी करायची

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमधल्या एका पोट्टीनं बियात्रीश कोश्ता या पोर्तुगीज नटीवर एकपात्री केलं, लिहिलं मी होतं, आणि ते सपशेल आपटलं. काहून? तर जन्मापासून मरणापर्यंत सगळं कोंबलं होतं, अठ्ठ्याऐंशी वर्षं वीस मिनिटांत, शेवटची घंटा वाजली तेव्हा बाई अजून ब्राझीललाच होत्या. यंदा परत बसवून राह्यलो तेव्हा जे जे कळलं ते लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल.

आधी नाव नीट करा. पोस्टरवर 'बिॲट्रिझ कोस्टा' नका छापू राजेहो. लिस्बनकडच्या बोलीत तिथे श ऐकू येतो, म्हणून बियात्रीश, म्हणून कोश्ता. गोव्याचे कोस्ता आपले कोस्ताच राहू द्या.

मग केस. ही बाई ओळखली जायची कपाळावरच्या त्या सरळ कापलेल्या केसांनी, ज्याला आपल्या आया साधना कट म्हणतात, फक्त साधनाच्या कितीतरी आधी, तीसच्या दशकातल्या सिनेमांत हिचा तो दिसतो. विग घेतला तर भुवयांच्या जरा वर येईल असाच घ्या, डोळे झाकले गेले तर अर्धा रोल गेला समजा. का ते सांगतो.

तिचं खरं घर म्हणजे रेविश्ता. गाणी, नाच, चुटके, चालू राजकारणावर टोमणे, सगळं एकाच खेळात, आपल्या खडी गंमतला लिस्बनच्या थिएटरात लाइट आणि ऑर्केस्ट्रा देऊन बसवलं तर जवळपास तसं. १९२३ मध्ये पंधरा वर्षांची असताना कोरसमधे उभी राहून सुरुवात केली. पण १९२६ ला तिकडे लष्करी सत्ता आली, नंतर हुकूमशहा सालाझार, आणि १९७४ पर्यंत सेन्सॉर. संहिता आधी दाखवा, ते कापतील, उरलेलं बोला. आपल्याला परिनिरीक्षण मंडळाचा कागद काढायची कटकट वाटते, तिथे तर विचारूच नका. म्हणून तिथले नट कागदावर सोज्वळ दिसणारं वाक्य घ्यायचे आणि मजा डोळ्यात नि थांबण्यात ठेवायचे. प्रॅक्टिस अशी करा: 'यंदा बटाटे महाग झाले' एवढंच वाक्य दहा वेळा म्हणायचं, शब्द तेच, आवाज तोच, फक्त नजर बदलायची. ज्या दिवशी तालमीत कोणीतरी खुदकन हसेल त्या दिवशी रोल बसला. आमच्या पोट्टीला आठ दिवस लागले.

सिनेमे दोन बघा, बाकीचे सोडले तरी चालेल. १९३३ चा 'आ कान्साँव द लिश्बोआ', पूर्णपणे पोर्तुगालातच बनलेला पहिला बोलपट, त्यात ती शिवणकाम करणारी पोरगी आहे. आणि १९३९ चा 'आल्देया दा रोपा ब्रांका', म्हणजे पांढऱ्या कपड्यांचं गाव. लिस्बनकरांचे मळके कपडे गाड्यांवर गावात आणायचे, धुवायचे, परत न्यायचे, आणि त्या धंद्यातली दोन पार्ट्यांची चढाओढ. हा तिचा शेवटचा सिनेमा. ती स्वतः त्याच लिस्बनच्या आसपासच्या पट्ट्यातली, माफ्राकडची, त्यामुळे बोलण्यातला गावठी ठसका उसना नव्हता. मराठीत करताना मी तिला सरळ वऱ्हाडी बोलायला लावलं, 'धुतलं तं धुतलं, आता वाळू दे' असं, आणि गाडीला बंडी म्हटलं की हॉल आपला होतो. पुणेरी प्रमाण मराठीत हा सीन करू नका, मेला समजा. पाणी मात्र खरं वापरा, घमेलं आणि एक दगड, खाली ताडपत्री, नाहीतर पुढच्या ग्रुपचा नट घसरतो (आमच्या वेळी घसरला).

मधला सीन ती वाचायला शिकते त्याचा. ती तेरा वर्षांची होईपर्यंत तिला वाचता येत नव्हतं, मग स्वतःच शिकली, आणि पुढे म्हातारपणी पुस्तकं लिहिली, आठवणींचं पहिलं १९७५ ला आलं. इथे रडगाणं नको. मी फक्त एवढंच ठेवलंय, की पोरगी दुकानाची पाटी अक्षर अक्षर जोडून वाचते, चुकते, स्वतःलाच शिवी देते.

ब्राझीलची जवळपास दहा वर्षं, रिओच्या कॅसिनोतले शो, थोडक्यात आटपलेलं लग्न, हे दोन वाक्यांत उरका. गेल्या वर्षी इथेच माझी सात मिनिटं गेली होती.

शेवट हॉटेलात. १९६० ला स्टेज सोडल्यावर ती लिस्बनच्या तिवोली हॉटेलात राहायला लागली, १९९६ ला मरेपर्यंत तिथेच, आणि रेविश्ताची थिएटरं असलेलं पार्क मायर तिथून पायी जाण्यासारखं. सेटला एक खुर्ची आणि एक किल्ली पुरते. मरण दाखवू नका. आरशासमोर कात्री घेऊन ती कपाळावरचे केस सारखे करते, बाहेरून ऑर्केस्ट्रा ट्यून होतोय, ती मान वळवून ऐकते, आणि लाइटवाल्याला सांगून ठेवा, हळू नाही, एकदम बंद.