कबड्डी बघायला जाताय? मग रेडरकडे बघू नका

मला कबड्डीतलं फार कळतं असं नाही. कुणाचे किती गुण ते पाठ नाही आणि आपला संघ हरला तरी घरी येऊन मी नीट जेवते. पण बालेवाडीत प्रो कबड्डीचे सामने लागले की सासूबाईंना घेऊन दोन-तीन संध्याकाळी तरी जातेच. त्या कोल्हापूरकडच्या, शाळेत हुतुतू खेळलेल्या. त्यांच्या शेजारी बसून जे पदरात पडलं, ते सांगते.

आधी वेळापत्रक बघा. २०२५ च्या मोसमात सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. पुण्याच्या वाट्याला काहीच नाही. त्याआधी २०२४ च्या डिसेंबरात मात्र अंतिम सामनासुद्धा आपल्याकडे, बालेवाडीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये झाला होता. म्हणजे भरवसा नाही, तारखा जाहीर झाल्या की लगेच ठरवायचं. एका तिकिटात साधारण दोन सामने असतात. त्यातला एक पुणेरी पलटणचा, म्हणजे आपल्या पुण्याच्या संघाचा आहे ना, एवढं बघून घ्या. मी पहिल्यांदा न बघता तिकिटं काढली आणि दोन्ही सामने परगावच्या संघांचे निघाले. तसं ते बरंच झालं म्हणा. ओरडायला कुणी नव्हतं, म्हणून खेळ बघितला.

आता जागा. सगळ्यांना मॅटच्या लांब बाजूला, मध्यरेषेच्या समोर बसायचं असतं. टीव्हीवर तसंच दिसतं, मग तिथे जाऊन पुन्हा तेच कशाला? मी मागची बाजू घेते, अंतिम रेषेच्या मागे आणि थोडी उंचावर. तिथून बचाव करणाऱ्यांच्या पाठी दिसतात आणि त्यांनी एकमेकांचे धरलेले हात दिसतात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे त्याच खुर्चीतून दोन्ही संघांचा बचाव बघून होतो.

पहिल्या दिवशी मी चढाई करणाऱ्याकडेच, म्हणजे रेडरकडेच बघत बसले होते. तो आला, नाचला, परत गेला, एवढंच कळत होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याच्याकडं काय बघतेस? कोपऱ्याकडं बघ." कोपऱ्यातला गडी वाकून, शेजाऱ्याचा हात धरून उभा असतो आणि त्याची नजर रेडरच्या पायावर असते. रेडर बोनससाठी, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या जादा गुणासाठी, पाय पुढे टाकतो, आणि त्याच क्षणी तो धरलेला हात सुटतो. हात सुटला की समजायचं, आता चवडा धरणार. पुढच्या अर्ध्या सेकंदात बाकीचे चार जण येऊन पडतात, तेवढंच टीव्हीवर दिसतं. खरी पकड त्या सुटलेल्या हातात झालेली असते. एकदा हे दिसायला लागलं की दुसरीकडे बघावंसं वाटत नाही.

नियम पाठ करायची गरज नाही, फक्त मॅटवर किती जण उरलेत ते मोजत राहा. सहा किंवा सात असतील तर बोनस चालू. तीन किंवा कमी असतील आणि तरीही त्यांनी पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. सातही बाद झाले तर लोण, समोरच्याला आणखी दोन गुण आणि सगळे परत आत. म्हणून कधीकधी दोनच जण उरलेला संघ जास्त धोकादायक असतो. चढाई ३० सेकंदांची. एकाच संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर रेडर बाद. ही तिसरी चढाई आली की चहा आणायला उठू नका.

चहावरून आठवलं, पोटाला आधार घेऊनच जा. बाहेरचं खाणं आत नेऊ देतील याचा भरवसा नसतो. मी आठच्या सामन्यासाठी साडेसहालाच सासूबाईंना दोन घास खाऊ घालते, नाहीतर दुसऱ्या सामन्यात माझीच पकड होते. कानात घालायला कापूस ठेवा. स्पीकर इतके मोठ्याने वाजतात की "कबड्डी कबड्डी" ऐकूच येत नाही. माझी हीच एक तक्रार आहे.

आणि पार्किंगमधली गर्दी टाळायला लवकर उठू नका. एका सामन्यात आमच्या रांगेतलं एक कुटुंब शेवटची तीन मिनिटं उरली असताना निघालं, पलटण पाच गुणांनी मागे होती म्हणून. ते दारापर्यंत पोचले आणि समोरच्यावर लोण चढला. मग सगळे तिथेच, दारात उभे राहून मानेची कसरत करत बघत होते.

आम्ही हॉल रिकामा होईपर्यंत बसून राहतो. रिक्षावाले तेव्हाही जास्तच सांगतात, पण निदान रिक्षा मिळते. मागच्या वेळी परतताना सासूबाईंनी रिक्षातच माझा घोटा धरून दाखवला. "अस्सा, खालून. वरून धरला की सुटतो."

दुसऱ्या दिवशी निळा पडला होता.