स्पार्कलिंग वाइनरी बघायला जाताय? या चुका टाळा

सोलापूरकराला द्राक्षाचं नवल नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी पुढे आणलेली सोनाका ही द्राक्षाची जात इथल्याच मातीतली. म्हणून स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन करणाऱ्या एखाद्या छोट्या वायनरीत जातानाही आपण बाग बघायला निघाल्यासारखे निघतो, डबा घेऊन आणि घाईघाईत. मी तीन-चार वेळा पाहुण्यांना घेऊन गेलो आणि दर वेळी त्याच त्या चुका पाहिल्या. छोट्या ठिकाणी वाइन करणारा माणूस स्वतः दोन तास तुमच्याबरोबर उभा असतो, बाटली तुमच्या हातात देतो. ते दोन तास वाया गेले की मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "उघडी आहे का?" एवढंच फोनवर विचारून निघणं. विचारायचं ते असं : "सध्या कोणतं काम चालू आहे, आणि त्यातलं काय करायला मिळेल?" ऑक्टोबर छाटणीनंतर जानेवारीच्या सुमारास तोडा सुरू होतो. त्या दिवसांत घड, क्रेट आणि रस काढायचा प्रेस दिसेल, पण त्या सालच्या वाइनमध्ये एकही बुडबुडा नसतो. बुडबुडे पुढे येतात. तयार वाइनमध्ये लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीत भरतात आणि वर सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण ठोकतात. आत पुन्हा आंबवण होते, गॅसला बाहेर वाट नसते, तो वाइनमध्येच मुरतो. मग गाळासकट महिनोन्‌महिने थांबायचं. फ्रान्सच्या शँपेन भागात तर बाटलीत किमान १५ महिने, त्यातले किमान १२ गाळासकट, असा नियमच आहे. गाळ तोंडाशी यावा म्हणून बाटल्या उलट्या ठेवून फिरवणं आणि मग तो गाळ काढणं ही हाताने करायची कामं त्यानंतरची. ती करायची असतील तर दिवस मालकालाच ठरवू द्या.

अकलूजकडे जाणार असाल तर आषाढी वारीचे दिवस टाळा. तुकोबांची पालखी अकलूजवरून जाते, तिथे रिंगण होतं. रस्ते वारकऱ्यांचे असतात, आणि आषाढी एकादशीला ड्राय डे असतो.

दुसरी चूक जिभेची. एकदा आम्ही मोहोळजवळ गाडी थांबवून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. तासा-दीड तासाने पहिला ग्लास हातात आला, तेव्हा लसूण आणि तिखटापलीकडे कुणालाच काही कळेना. तिखटाने जळणारी जीभ बुडबुड्यांनी आणखी चुरचुरते. निघताना साधं खा : पोहे, दहीभात. पान-तंबाखू नको, अत्तर नको. चटणी परतीच्या वाटेवर खा, तिच्यावर माझं प्रेम कुणापेक्षा कमी नाही.

तिसरी चूक, टाकीतली कच्ची वाइन चाखून तोंड वाकडं करणं. माझे मेहुणे पहिल्याच घोटाला म्हणाले, "ही आंबली वाटतं." आंबलेली नव्हती. स्पार्कलिंगसाठी द्राक्ष मुद्दाम लवकर तोडतात, रसातली साखर १८-१९ ब्रिक्सच्या (साधारण तेवढ्याच टक्क्यांच्या) आसपास असताना, म्हणजे आंबटपणा शाबूत राहतो. तो नसेल तर तयार वाइन मिळमिळीत लागते. तो आंबट घोट लक्षात ठेवा आणि शेवटच्या ग्लासाशी ताडून बघा, सगळी कला त्या दोन घोटांच्या मध्ये आहे. प्रत्येक घोट गिळायलाच हवा असंही नाही, थुंकायचं भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. गाडी चालवणाऱ्याने तर गिळूच नये.

आता बाटली. हिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण इजा इथेच होते. आत ५ ते ६ बार दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. गाळ काढताना आमच्यातल्या एकाने डोळ्यांच्या बचावाचा चष्मा न लावता बाटली तोंडासमोर धरली. तिथल्या काकांनी शांतपणे तिचं तोंड पिंपाकडे वळवलं आणि म्हणाले, "दादा, हिच्याकडं बघायचं नाही, हिचं ऐकायचं." त्यांनी उलटी बाटली हळूहळू वर आणली. हवेचा बुडबुडा मानेकडे सरकला, त्या क्षणी झाकण उडवलं, गाळ फटकन बाहेर आणि लगेच अंगठा तोंडावर. आधी उघडलं तर वाइन सांडते, उशीर झाला तर गाळ परत खाली उतरतो. पहिल्या दोन बाटल्या बिघडतातच, लाजू नका. पण चष्मा लावल्याशिवाय हात लावू नका.

गाळ काढून बूच लावलेली तयार बाटली उघडतानाही तेच. बाटली हलवू नका, गार असू द्या. बुचावरची तार सैल करायला सहा अर्धे फेरे लागतात आणि तेव्हापासून अंगठा बुचावरून हलता कामा नये. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि फिरवायची ती बाटली. बूच निघत नसेल तर ओल्या फडक्याने धरा. स्क्रू कधीही घुसवू नका. फेस उसळला तर बाटली उभी करायची घाई नको, आणखी आडवी करा.

खरेदी करताना लेबलवरच्या "ड्राय" (म्हणजे कमी गोड) शब्दाने फसायला होतं. एक्स्ट्रा ड्राय लिहिलेली वाइन ब्रूट लिहिलेल्या वाइनपेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये साधारण १२ ते १७. हुरड्याबरोबर किंवा गरम कांदाभजीबरोबर मी ब्रूटच घेईन.

आणि बाटल्या डिकीत टाकून वाटेत जेवायला थांबू नका. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडीत त्याहून वर जातो, आणि तापेल तसा दाबही चढतो. थर्माकोलचा खोका आणि बर्फ सोबत न्या. घरी पोचल्यावर बाटली एक-दोन दिवस फ्रिजमध्ये निवांत ठेवा. फ्रीझरमध्ये नको, विसरलात तर फुटते. लवकर गार करायची असेल तर बर्फ आणि पाणी निम्मंनिम्मं, अर्धा तास. ओतल्यावर बुडबुडे लगेच मेले तर दोष बहुतेक वेळा वाइनचा नसतो, ग्लासला साबण राहिलेला असतो. नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि पुन्हा ओतून बघा.