जुनी एम-क्लास बेताच्या खर्चात कशी सांभाळावी

पंधरा वर्षांपूर्वी पन्नास लाखांच्या आसपास मिळणारी मर्सिडीजची एम-क्लास आज एखाद्या नव्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी पैशांत, विकायला उभी दिसते आणि पाहणाऱ्याचा जीव तिच्यात अडकतो. गाडीची किंमत उतरली असली तरी तिचे सुटे भाग मात्र पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतात, हा हिशेब व्यवहाराआधी मनाशी पक्का करावा. येथे विचार केला आहे तो २००५ ते २०११ या काळात बनलेल्या, डब्ल्यू १६४ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिढीचा, आणि त्यातही तीन लिटरच्या व्ही-६ डिझेल इंजिनाचा, ज्याला ओएम ६४२ म्हणतात. याच वयाच्या बीएमडब्ल्यू एक्स५ किंवा ऑडी क्यू७ गाड्यांचे दुखणे वेगळे असले तरी खर्च आवरण्याची रीत फारशी वेगळी नाही. ती स्वस्त भाग शोधण्यात कमी आणि कामांचा क्रम लावण्यात जास्त आहे.

गाडी निवडताना मॉडेलच्या वर्षापेक्षा कामाच्या पावत्या पाहाव्यात. दोन लाख किलोमीटर चाललेली, पण गिअरबॉक्सचे तेल, सस्पेंशन आणि कूलंट यांच्या नोंदी असलेली गाडी ही सत्तर हजार किलोमीटर दाखवणाऱ्या, पण एकही कागद नसलेल्या गाडीपेक्षा कितीतरी बरी. पेट्रोलवरची एमएल ३५० स्वस्तात मिळाली तर अधिकच सावध व्हावे, कारण तिच्या एम २७२ इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांतील बॅलन्स शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची थरथर शमवणाऱ्या दांड्याचे, दात झिजतात आणि दुरुस्तीसाठी इंजिन जवळजवळ पूर्ण उघडावे लागते. ते काम आधी झाल्याचा पुरावा नसेल तर त्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्यांचा भाव फारच खाली असतो. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तेव्हापासून त्या इतर राज्यांत उतरू लागल्या. अशी गाडी महाराष्ट्रात नोंदवताना ना हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता कर या दोहोंचा खर्च मिळवून मगच ती स्वस्त आहे की नाही हे ठरवावे.

आरसीवर ‘इम्पोर्टेड’ अशी नोंद आहे का, हे पाहायला बहुतेक जण विसरतात. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना २०२२ पासून साध्या चारचाकीला ५,००० रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये शुल्क आहे, आणि वीस वर्षांपुढे ते आणखी वाढते. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो तो वेगळा. पंधरा वर्षे भरत आलेली गाडी घेताना ही रक्कम सौद्यात धरलीच पाहिजे.

खरेदीसाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील, त्यांतला निदान एक तृतीयांश भाग पहिल्या वर्षाच्या कामांसाठी राखून ठेवावा आणि उरलेल्या पैशांत बसेल तीच गाडी पाहावी. हे प्रमाण माझ्या अंदाजाचे आहे, पण त्याहून कमी राखून गाडी घेणाऱ्यांची पहिल्याच पावसाळ्यात तारांबळ उडते. त्या मानाने इंधनाचा बाऊ उगाच केला जातो. वर्षाला ८,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १० किलोमीटर देत असेल तर ८०० लिटर डिझेल लागते, म्हणजे ९० रुपयांच्या दराने ७२,००० रुपये. तेवढीच चालणारी एखादी मध्यम डिझेल एसयूव्ही लिटरला १५ देत असली तरी वर्षाचा फरक पंचवीस हजारांच्या आतच राहतो. गिअरबॉक्समधील एका चुकीच्या दुरुस्तीत याच्या कितीतरी पट पैसे जातात.

आता इंजिन. ओएम ६४२ हे मुळात दणकट यंत्र आहे. त्याची जी दुखणी आहेत ती ठरलेली आहेत आणि त्यांतली बरीचशी एकाच जागी, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली दडलेली आहेत. तिथे ऑइल कूलर बसवलेला असतो. त्याची मूळची नारिंगी रबरी सीले उष्णतेने कडक होतात, तेल खोबणीत साचते आणि इंजिनाच्या मागच्या बाजूने ओघळत नेमके इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यावरून खाली टपकते. खालून पाहणाऱ्या मेकॅनिकला ते क्रँकच्या मागच्या सीलचे गळणे वाटते आणि तो गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला देतो. गिअरबॉक्स उतरतो, सील बदलले जाते, मजुरी दिली जाते आणि आठवड्याभरात पुन्हा जमिनीवर तोच डाग दिसतो. म्हणून खाली काही खोलण्याआधी वरून, टर्बोच्या मागे, बॅटरीचा प्रकाश आणि छोटा कॅमेरा घालून खोबणी ओली आहे का हे पाहायला सांगावे. ओली असेल तर दोष कूलरच्या सीलांचा धरावा. बदली म्हणून सुधारित, जांभळ्या रंगाची सीले मिळतात आणि तीच घालावीत.

सीले स्वतः किरकोळ किमतीची असतात, पण तिथवर पोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, काढावे लागतात, त्यामुळे बिलातला मोठा आकडा मजुरीचाच असतो. म्हणूनच हे काम एकटे करू नये. मॅनिफोल्ड उघडले आहेत तोवर टर्बोच्या तोंडाशी असलेले हवेच्या नळीचे सील, मॅनिफोल्डची गॅस्केटे, थर्मोस्टॅट आणि इनटेकच्या झडपा फिरवणारी लहान विद्युत मोटर यांचाही निकाल लावावा. हवेच्या नळीचे ते सील गळू लागले की तेलाचे थेंब खाली असलेल्या त्या मोटरवर पडतात, मोटर जळते आणि गाडी ‘लिंप मोड’मध्ये, म्हणजे बचावासाठी ताकद कमी केलेल्या अवस्थेत, जाऊन चढणीवर मान टाकते. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर तापमानाचा काटा ८० अंशांच्या खालीच घुटमळतो, डिझेल जास्त लागते आणि ज्या गाडीला डीपीएफ म्हणजे धुराचा गाळक आहे तिचा गाळक नीट साफ होत नाही. थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे ग्लो प्लगही तेव्हाच पाहावेत, मात्र ते इंजिन गरम असतानाच सोडवावेत, कारण थंड हेडमध्ये जोर लावला की प्लग तुटून आत राहतो आणि मग तो कोरून काढण्याचा खर्च मागे लागतो. सुटी सुटी केली तर याच कामांसाठी तीन वेळा मजुरी द्यावी लागते.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर दिसला किंवा थंड इंजिनातून ‘चक्-चक्’ असा फुसफुसणारा आवाज आला तर इंजेक्टरच्या बुडाचा तांब्याचा वॉशर गेला आहे असे समजावे. हे काम पुढे ढकलू नये, कारण थर जितका साचेल तितका इंजेक्टर हेडमध्ये घट्ट रुतून बसतो. वॉशर आणि इंजेक्टर दाबून धरणारा बोल्ट हे दोन्ही दर वेळी नवेच घालावे लागतात. जुना बोल्ट पुन्हा कसणाऱ्या गॅरेजला रामराम करावा.

इंजिन ऑइल साडेआठ लिटरच्या आसपास लागते आणि डीपीएफ असलेल्या गाडीसाठी डब्यावर मर्सिडीजची ‘एमबी २२९.५१’ ही मान्यता छापलेली असावी. नाव कोणत्याही कंपनीचे चालेल, पण ही मान्यता नसलेले तेल चालणार नाही, कारण त्याची राख डीपीएफमध्ये साचते. कंपनीने दिलेली मुदत काहीही असो, आपल्याकडची धूळ आणि शहरातली रखडणारी वाहतूक पाहता ८,००० ते १०,००० किलोमीटरवर किंवा वर्षातून एकदा ते बदलावे. मान किंवा हेंग्स्ट या कंपन्यांचा ऑइल फिल्टर तसा स्वस्तच असतो. तिथे पैसे वाचवण्यात काही हशील नाही.

सात गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स कधीच तेल मागत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नये. ६०,००० किलोमीटरला तेल, फिल्टर आणि पॅनचे गॅस्केट बदलावे, आणि तेलाची पातळी मोजण्यासाठी ते साधारण ४५ अंशांवर असताना जादा तेल ओघळून जाऊ देण्याची जी पद्धत आहे, ती त्या गॅरेजला ठाऊक आहे का हे आधी विचारावे. अंदाजाने तेल ओतणाऱ्याच्या हाती ही पेटी देऊ नये. कोणते तेल लागते हे गाडीच्या वर्षानुसार बदलते, म्हणून चासी नंबर सांगूनच मागवावे.

काही गाड्यांना एअरमॅटिक म्हणजे हवेच्या फुग्यांवरचे सस्पेंशन असते. मधल्या कन्सोलवर गाडीची उंची वाढवण्याचे बटण दिसले तर आपल्या गाडीला ते आहे. फुग्याचे रबर वयाबरोबर तडकते, हवा झिरपते आणि ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अखंड धावून जळतो. म्हणजे दोष एका फुग्याचा असतो आणि बिल फुगा, कॉम्प्रेसर व रिले अशा तिघांचे येते. हे टाळण्याची चाचणी फुकट आहे. रात्री गाडी सपाट जागी लावावी, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मोजावे. एखादा कोपरा बसलेला आढळला तर तिथल्या फुग्याच्या घड्यांवर आणि नळीच्या जोडावर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे पाहावेत. गाडी पूर्ण बसलेली असताना ती चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह आवरावा आणि ती टोइंगच्या सपाट ट्रकवर चढवून न्यावी. एका बाजूचा फुगा गेला की त्याच एक्सलचा दुसराही मार्गावर आहे असे समजून पैशांची तजवीज करावी. हवेचे सस्पेंशन काढून साध्या स्प्रिंगा बसवण्याचे संच मिळतात, पण गाडीचा आब आणि चाल दोन्ही जातात, शिवाय डॅशबोर्डवरचा इशारा बंद करण्याची खटपट उरतेच. मी तरी तो मार्ग सुचवणार नाही. हवा नको असेल तर मुळातच स्प्रिंगांची गाडी शोधावी. तशा गाड्याही आहेत आणि बेताच्या खर्चाला त्याच बऱ्या.

कोकणात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने मे महिन्यात एक काम न चुकता करावे. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि काचेखालच्या पन्हळीलाही निचऱ्याची भोके असतात. त्यांत पाने आणि माती अडकली की पाणी आत उतरते, गालिच्याखाली मुरते आणि डिकीच्या बाजूच्या कप्प्यातल्या विजेच्या नियंत्रण पेटीपर्यंत पोचते. मग कधी मागचे दिवे, कधी डिकीचे कुलूप, कधी इंधन पंप असे विचित्र दोष एकामागून एक सुरू होतात आणि त्यांचा शोध घेण्यात दिवस जातात. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतावे. ते गाडीखाली पडताना दिसले पाहिजे. दिसले नाही तर नळीत मऊ नायलॉनची दोरी सरकवावी. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारल्यास नळी सांध्यातून निसटते, म्हणून तो उपाय करू नये.

भागांच्या बाबतीत माझा दंडक साधा आहे. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिनातली सीले आणि कूलिंग यांसाठी कंपनीचे किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्यांचे, म्हणजे लेमफोर्डर, बॉश, माले, बिल्स्टीन यांचे भाग घ्यावेत. तोच भाग मर्सिडीजच्या ताऱ्याचे चिन्ह असलेल्या डब्याऐवजी पुरवठादाराच्या डब्यात बराच कमी पैशांत मिळतो. आरसे, दिवे, दरवाज्यांची पॅनेले, सीटच्या मोटरी यांसाठी मुंबईत कुर्ला किंवा दिल्लीत मायापुरी येथील जुन्या भागांचा बाजार पुरेसा आहे. जुना फुगा, जुना कॉम्प्रेसर किंवा जुना टर्बो मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडून स्वतंत्र गॅरेजकडे जाताना त्यांच्याकडे गाडीच्या सगळ्या यंत्रणा वाचणारे मर्सिडीजचे निदान यंत्र आहे का, हाच पहिला प्रश्न विचारावा. सर्वत्र मिळणारे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड दाखवतात. सस्पेंशन आणि नियंत्रण पेट्यांपर्यंत ते पोचत नाहीत आणि मग सुटे भाग बदलत राहून दोष शोधण्याची महागडी पद्धत सुरू होते.

टायरचे सांगायचे तर गाडी चारही चाकांवर सतत चालणारी असल्याने चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवावेत. १९ इंची चाकांऐवजी १७ इंची चाके आणि २३५/६५ मापाचे टायर बसत असतील तर खड्ड्यांत रिमही वाचते आणि टायरही स्वस्त पडतात. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ याचा अर्थ तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर महामार्गावर वापरू नये.

विम्यात जुन्या गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरते. ती हप्ता वाचवण्यासाठी फार खाली आणली तर मध्यम अपघातातही गाडी ‘टोटल लॉस’ ठरते, कारण एका बाजूचा हेडलाइट, बंपर आणि एअरबॅगा यांचाच आकडा ती किंमत ओलांडतो. पाणी साचलेल्या रस्त्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास दावा बहुधा नाकारला जातो, म्हणून तिथे किल्ली काढून घ्यावी आणि टोइंगला फोन करावा.

नोंदणी नूतनीकरणाच्या वर्षी गाडी ठेवायची की सोडायची याचा विचार करावा. गिअरबॉक्स झटके देतो, सस्पेंशन बसते आणि इंजिन खोबणीत तेल सांडते, अशी तिन्ही कामे एकाच वेळी समोर आली असतील तर ती करून गाडीची किंमत वाढत नाही. त्या वेळी ती दुरुस्त न करता आहे तशी, दोष सांगून विकावी. त्यांतले एकच काम उरले असेल आणि बाकीच्या पावत्या हाती असतील, तर ते करून पुढची पाच वर्षे गाडी खुशाल चालवावी.