सब्ज्याच्या तुऱ्यावरचा कोळी हटवण्याआधी

बोरिवलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी सब्जा लावलाय. गेल्या दिवाळीच्या आधी एका तुऱ्यावर फुलोरी माशी (छोटी मधमाशी) बराच वेळ एकाच जागी दिसली. बोट लावलं तरी उडेना. वाकून पाहिलं तर तिच्या मानेला हरभऱ्याएवढा पांढरा कोळी चिकटलेला. पांढऱ्या फुलात पांढरा, म्हणून दिसलाच नव्हता. मला इतका राग आला की तो तुरा झटकून टाकला. तुम्ही तसं करू नका. कोळ्यामुळे फुलांवर येणाऱ्या माश्या खरंच घटतात का, ते आधी मोजा.

हा खेकडा कोळी. शिकारीसाठी जाळं विणत नाही, पुढच्या पायांच्या दोन जोड्या पसरून फुलातच दबा धरतो. माशीचे तुकडे करत नाही, आतला रस शोषून घेतो. म्हणून कुंडीखाली अख्खी पण पोकळ, फुंकरीने उडणारी माशी सापडली, की वरचे तुरे बारकाईने बघायचे.

सकाळी 9 नंतर, फुलांवर ऊन आलं की बसा. आपली सावली झाडावर पडू देऊ नका. सारख्या उन्हातल्या, साधारण सारखीच फुलं असलेल्या दोन कुंड्या निवडा, एक कोळ्याची, एक बिनकोळ्याची. प्रत्येकीसमोर 15 मिनिटं, निदान आठवडाभर. वहीत दोन रकाने करा: ‘बसली’ आणि ‘वळली’. दुसरा रकाना चुकवू नका. माशी तुऱ्यापाशी येते, हवेत थबकते आणि बाजूच्या कुंडीकडे निघून जाते. कोळी मारतो त्या माश्या थोड्या. धास्तीने टळतात त्या कितीतरी जास्त असू शकतात.

मात्र आकडा घटणारच, असं धरून चालू नका. ऑस्ट्रेलियातल्या एका खेकडा कोळ्याच्या अंगावरून अतिनील किरण परावर्तित होतात. आपल्याला ते दिसत नाहीत, मधमाशीला दिसतात. 2003 मध्ये तिथल्या अभ्यासात कोळी बसलेल्या फुलाकडेच मधमाश्या जास्त ओढल्या गेल्या.

आठवडा झाला की मऊ ब्रशने कोळी दुसऱ्या कुंडीवर सोडा आणि पुन्हा मोजा. नाहीतर फरक कोळ्याचा की कुंडीचा, हे कळणार नाही. तो स्वतःही जागा बदलतो, तेव्हा रोज आधी तो कुठे आहे ते बघून घ्या.

खरा हिशोब बियांचा. कोळ्याच्या तुऱ्याला लाल दोरा, दुसऱ्याला पांढरा. पाकळ्या गळल्यावर मागे छोटा पेला उरतो, त्यात जास्तीत जास्त 4 बिया असतात. तुरे वाळले की दोन्हींचे प्रत्येकी 25 पेले पांढऱ्या कागदावर वेगवेगळे चोळा. सब्ज्याचं काळं बी मोजायला सोपं. सब्जा स्वतःच्या परागानेही बी धरतो, त्यामुळे फरक थोडाच दिसला तर मोजणी चुकली असं समजू नका.

कुरतडलेल्या कळ्या आणि अळ्यासुद्धा लिहून ठेवा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका झुडपावर 1982 च्या अभ्यासात असं दिसलं, की हिरवा कोळी असलेल्या फुलांत परागीभवन कमी झालं, पण बिया खाणारे कीटकही कमी झाले आणि शेवटी चांगल्या बिया जास्तच उरल्या. तो कोळी वेगळा, झाडही वेगळं. आपल्या कुंडीचं उत्तर आपल्यालाच मोजून काढावं लागतं.

आणि या काळात फवारणी पूर्ण बंद, कडुनिंबाच्या तेलाचीसुद्धा.