रीफ टँकमधली काई: ब्रशच्या आधी टीडीएस मीटर

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. इंदुरात ती भरायची पिशवीतलं मीठ आणि घरचं पाणी घेऊन. काईचं मूळही बहुतेक वेळा या पाण्यातच सापडतं.

लोकमान्य नगरात आमच्याकडे 150 लिटरची टाकी आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. काईचं खाद्य असलेलं फॉस्फेट, सिलिकेट मागेच राहतं. ती तूट मी स्वयंपाकघरातल्या आरओने भरत होतो. एकदा मीटर बुडवला, तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 58! चव राहावी म्हणून बरेच घरगुती आरओ थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम परत मिसळतात. चहाला उत्तम, प्रवाळांना नको. तेव्हा पहिलं काम हे: ती मिसळण बंद करून आरओतून पाणी बाहेर आल्यावरच्या टप्प्यात डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडा आणि मीटर 0 दाखवेल तेव्हाच पाणी वापरा. आकडा वर सरकला की रेझिन बदला. इथे काटकसर महागात पडते.

मग काई ओळखा. नव्या टाकीतली तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. काही आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरते. लाल-जांभळी, सायीसारखी उचलून येणारी ती सायनोबॅक्टेरिया. ती सायफनने ओढून घ्या, पाण्याचा प्रवाह वाढवा. खरी डोकेदुखी हिरव्या केसाळ काईची.

तिच्यासाठी सुटे दगड टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घ्या आणि जुन्या टूथब्रशने घासा. प्रवाळ चिकटलेले दगड जागेवरच ठेवून चिमटीने काई उपटा. दुसऱ्या हातात सायफनची नळी हवीच, नाहीतर तुटलेले धागे दुसरीकडे रुजतात. बादलीतलं पाणी मोरीत ओता, 10-15 टक्के पाणी बदला.

टेस्ट किट नायट्रेट, फॉस्फेट शून्य दाखवत असेल, तर हुरळून जाऊ नका. काईच ते खात असते! साधारण 5 पीपीएम (दहा लाखांत 5 भाग) नायट्रेट आणि 0.03 ते 0.1 पीपीएम फॉस्फेट चालतं. फॉस्फेट शोषणारे दाणे निम्म्या मात्रेने सुरू करा. एकदम शून्यावर आणलंत तर प्रवाळ फिके पडतात आणि बुडबुड्यांचा तपकिरी, शेंबडासारखा थर येऊ शकतो. तो डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जिवांचा, त्यापेक्षा काई परवडली.

माशांचं खाणं कमी करा. गणपतीत आमच्या भाच्याने मायेपोटी माशांना दिवसातून चारदा भरवलं. पंधरा दिवसांत मागची काच हिरवीगार. गोठवलेली कोळंबी आधी आरओ-डीआय पाण्यात धुऊन घ्या. दिवे आठ तास पुरेत.

टर्बो गोगलगाई शेवटी सोडा. त्या आखूड काई चरतात, लांब झिपऱ्यांना फारशा तोंड लावत नाहीत. रात्री दिवे मालवण्याआधी एक नजर टाका: वाळूत उलटा पडलेला टर्बो बऱ्याचदा आपणहून सुलटा होत नाही.