आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आहार टप्प्याटप्प्याने कसा वाढवावा

आतड्याचा काही भाग काढलेला रुग्ण दवाखान्यातून घरी आला की आपल्याकडे पहिला आग्रह भाकरीचा होतो. ज्वारीची भाकरी खाल्ल्याने अंगात ताकद येते, हे मराठवाड्यात कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. परंतु जोडलेले आतडे भरून येईपर्यंत, म्हणजे साधारणपणे 4 ते 6 आठवडे, जास्त चोथ्याचे अन्न त्याला झेपत नाही. भाकरी पुन्हा ताटात यायलाच हवी, मात्र ती कोणत्या क्रमाने आणायची हे रुग्णाने आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने आधी समजून घ्यावे.

सर्वप्रथम आतड्याचा कोणता भाग आणि किती लांबीचा काढला, हे डॉक्टरांना विचारून डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावे. लहान आतडे सुमारे 6 मीटर लांब असते आणि अन्नातील बहुतेक पोषक द्रव्ये तेथेच शोषली जातात. मोठे आतडे सुमारे दीड मीटर असून उरलेले पाणी व क्षार शोषून घेण्याचे काम प्रामुख्याने ते करते. त्यामुळे मोठे आतडे बरेचसे काढले असेल तर शौचास पातळ आणि वारंवार होते, तर लहान आतड्याचा मोठा भाग गेला असेल तर पोट भरून जेवूनही वजन घटू शकते. शेजारच्या एखाद्या रुग्णाला चाललेला आहार आपल्यालाही चालेल असे गृहीत धरू नये, ते यासाठीच.

घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे मऊ आणि कमी चोथ्याचे अन्न घ्यावे. भाताची पेज, मऊ भात व सालीच्या नसलेल्या मूग डाळीचे वरण, रव्याची पातळ लापशी, उकडून कुस्करलेला बटाटा, पूर्ण पिकलेले केळे आणि गोड दही हे पदार्थ बहुतेकांना सोसतात. दुधी भोपळा चालतो, पण त्याची साल जाडसर काढावी, उभा चिरून मधला बियांचा गर चमच्याने खरवडून टाकावा आणि फोडी बोटाने दाबल्या जातील इतक्या शिजवाव्यात. शेंगदाणे, जवसाची व कारळाची चटणी, हुरडा, मक्याचे कणीस, अंबाडीसारख्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये आणि सुके खोबरे या काळात टाळावे. ठेचा आणि येसराची तिखट आमटीही काही दिवस दूर ठेवावी. दुधाने पोट फुगत असेल तर ते थांबवून ताक घ्यावे. पुष्कळदा हा त्रास तात्पुरता असतो.

दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी दिवसातून 5 ते 6 वेळा थोडे थोडे खावे आणि प्रत्येक घास तोंडातच पूर्ण बारीक करावा. जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात, म्हणून प्रत्येक खाण्यात वरण, दही, पनीर किंवा अंडे यांपैकी काहीतरी असावे. माळकरी घरांत अंडे चालत नाही, तेथे दही आणि पनीर यांचे प्रमाण आवर्जून वाढवावे. या काळात एकादशीचा उपवास धरू नये. साबुदाणा चालत असला तरी खिचडीतील शेंगदाण्याचे कूट चालत नाही, आणि दिवसभर रिकामे राहिलेले पोट गॅस वाढवते.

पाण्याकडे आपल्या भागात विशेष लक्ष द्यावे लागते, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो आणि पातळ शौचातून आधीच पाणी व मीठ जात असते. पोटावर लहान आतड्याचे तोंड काढून पिशवी लावलेल्या रुग्णांना तर नुसते साधे पाणी भरपूर पिणे पुरत नाही. त्याने पिशवीतील पातळ मल उलट वाढू शकतो. त्यांनी ओआरएस घ्यावे. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते दिवसभर घोटघोट प्यावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. पिशवीत 24 तासांत दीड लिटरपेक्षा जास्त मल येऊ लागला, लघवी कमी व गडद झाली किंवा उभे राहताना चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोट फुगून कळा येणे, उलट्या होणे, वायू सरणे बंद होणे आणि ताप येणे या तक्रारींतही घरगुती काढे करत बसू नये.

डॉक्टरांनी परवानगी दिली की एका वेळी एकच नवा पदार्थ सुरू करावा आणि पुढचा पदार्थ दोन-तीन दिवसांनी घ्यावा. भाकरीसाठी ज्वारीचे पीठ बारीक चाळणीने चाळावे, चतकोर भाकरीच्या कडक कडा काढून ती वरणात पूर्ण भिजेपर्यंत कुस्करावी आणि दुपारच्या जेवणात घ्यावी, म्हणजे त्रास झालाच तर तो रात्रीपूर्वी कळतो. काय खाल्ले, किती वाजता, आणि नंतर शौचास कसे झाले हे वहीत लिहावे. चतकोर पचली तर अर्धीकडे जावे. नंतर शिजलेले गाजर, पडवळ, तुरीचे वरण असे पुढे जावे. लातूर-धाराशिव भागात शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येची भज्जी कडधान्ये, शेंगा आणि पालेभाज्यांनी भरलेली असते. शेतातल्या पंगतीत बसावे, पण त्या वर्षी मऊ भातावर भागवावे. अनेक रुग्ण भीतीपोटी वर्षभर पेज आणि भातावरच राहतात आणि अशक्त होतात, हे मात्र होऊ देऊ नये.

लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी-12 जीवनसत्त्व शोषले जात नाही, कारण ते तेथेच शोषले जाते. शरीरातील साठा संपायला वेळ लागत असल्याने ही उणीव उशिरा, हातापायांना मुंग्या आणि थकवा या रूपात दिसते. आहारात कितीही दूध-दही वाढवले तरी ती भरून निघत नाही, म्हणून बी-12ची रक्ततपासणी केव्हा करायची आणि इंजेक्शन किती अंतराने घ्यायचे हे पहिल्या फेरतपासणीतच ठरवून घ्यावे.